घरातला संगणक नावाने सापडेना, तेव्हा...

प्रतिनिधी

रविवारची दुपार. दिवाणखान्यातील संगणकावर घरातील दहा-बारा वर्षांची छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि मुलीच्या प्रवेश अर्जासाठी स्कॅन करून ठेवलेली प्रमाणपत्रे असा सारा ऐवज साठविलेला आहे. अर्ज भरण्याची मुदत सायंकाळी संपणार आहे आणि मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली आहे. एरवी दिवाणखान्यातील संगणकाचे नाव टाइप केले की त्यातील फोल्डर तिच्या समोर उघडतात. आज मात्र लॅपटॉपच्या मते त्या नावाचा संगणकच अस्तित्वात नाही. इंटरनेट उत्तम चालू आहे, दोन्ही यंत्रे सुरू आहेत, मध्ये अंतर काय ते एका भिंतीचे. तरीही भेट होत नाही.

असा प्रसंग अनेक घरांत केव्हा ना केव्हा उद्भवतो. त्यानंतर जे घडते तेही ठरलेलेच असते. राऊटर चार वेळा बंद-चालू केला जातो. कोणी फायरवॉल बंद करण्याचा सल्ला देतो, कोणी अँटिव्हायरस काढून टाकण्याचा. एखादा हुशार भाचा दूरध्वनीवरून एखादी जुनी सुविधा पुन्हा सुरू करायला सांगतो आणि ती चालतेही. बिघाड दूर होतो, पण घराचे दार मात्र त्या दिवसापासून उघडे राहते. हा बिघाड बहुधा किरकोळ असतो. घाईने केलेले उपाय मात्र किरकोळ नसतात. त्यामुळे नेमके काय बिघडले आहे हे आधी ओळखणे अगत्याचे आहे, आणि ते ओळखण्यासाठी संगणक अभियंता असण्याची मुळीच गरज नाही.

नाव माणसांसाठी, क्रमांक यंत्रांसाठी

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक क्रमांक असतो. त्यालाच आयपी पत्ता म्हणतात. घरगुती राऊटर साधारणपणे १९२.१६८.१.५ यासारखे क्रमांक वाटतो. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक खासगी वापरासाठी राखून ठेवावेत, असे इंटरनेटच्या १९९६ सालच्या नियमात ठरले. त्यामुळे आपल्या घरातील १९२.१६८.१.५ आणि शेजाऱ्यांच्या घरातील १९२.१६८.१.५ हे दोन्ही सुखाने नांदू शकतात.

हे क्रमांक कायमचे नसतात. यंत्र सुरू झाले की ते राऊटरकडे क्रमांक मागते आणि राऊटर तो ठराविक मुदतीसाठी देतो. मुदत संपली, राऊटर बदलला किंवा यंत्र बरेच दिवस बंद राहिले, तर पुढच्या वेळी मिळणारा क्रमांक वेगळा असू शकतो. माणसाने क्रमांक लक्षात ठेवावा आणि तो बदलून जावा, ही अडचण टाळण्यासाठी नावे आली. नाव तेच राहते, त्यामागचा क्रमांक बदलला तरी चालते. अर्थात दर वेळी नावावरून त्या क्षणीचा क्रमांक कोणीतरी शोधून द्यावा लागतो. तांत्रिक परिभाषेत यालाच 'नेम रिझोल्युशन' म्हणतात. आपल्या दिवाणखान्यात बिघडलेली असते ती हीच शोधप्रक्रिया.

नामफलक, हाक आणि वही

ही शोधप्रक्रिया समजण्यासाठी एखादी गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणावी. पाहुणा आला की तो प्रवेशद्वारावरील नामफलक पाहतो. कोणते आडनाव कोणत्या सदनिकेत, हे तेथे लिहिलेले असते. जुन्या चाळीत फलक नसे. चौकात उभे राहून हाक मारली की ज्याला हाक मारली तो गॅलरीतून ओ देत असे. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या खिशातील वहीत लिहून ठेवलेला पत्ता. संगणक हे तिन्ही मार्ग वापरतो.

यातील वही सर्वांत जुनी. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच फाइलीत असत. ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि इतर केंद्रे तिची प्रत घेत. यंत्रांची संख्या वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजेच नावांची विभागून सांभाळलेली यंत्रणा मांडली. हा झाला नामफलक. आजही कोणतेही संकेतस्थळ उघडताना तोच वाचला जातो. जुनी वही मात्र पूर्णपणे गेली नाही. 'होस्ट्स' या नावाची एक छोटी फाइल विंडोज, मॅक आणि लिनक्स या सर्व प्रणालींत आजही असते आणि तिच्यात जे लिहिले असेल ते संगणक नामफलकाच्या आधी खरे मानतो.

हाक मारण्याची पद्धतही १९८३ च्याच सुमारास आयबीएमच्या छोट्या नेटवर्कसाठी 'नेटबायॉस' या नावाने आली आणि पुढे विंडोजने ती उचलली. ज्यांनी विंडोज ९८ वर 'नेटवर्क नेबरहूड' उघडले आहे, त्यांनी तिचा अनुभव घेतला आहे. नेटबायॉसच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे आणि विंडोजच्या संगणकांना ती अजूनही जाचते. पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर 'एलएलएमएनआर' ही दुसरी हाक आली. अॅपलने २००२ साली स्वतःची पद्धत आणली. तिचे आधीचे नाव 'राँदेव्हू' होते, २००५ पासून ती 'बाँजूर' म्हणून ओळखली जाते. तिचेच सर्वमान्य रूप म्हणजे 'एमडीएनएस'. ज्या नावाच्या शेवटी टिंब आणि 'लोकल' हा शब्द येतो, ते या पद्धतीचे नाव समजावे. आजचे बहुतेक नेटवर्क प्रिंटर, मॅक, लिनक्स आणि विंडोज १० पासूनचे संगणक ही हाक ओळखतात. नेटबायॉस आणि एलएलएमएनआर हळूहळू निवृत्त करून एमडीएनएसवर भर देण्याचा मानस मायक्रोसॉफ्टने २०२२ साली जाहीर केला आहे.

घरात हे सर्व मार्ग एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे नाव सापडले तर ते कोणी सांगितले हे कळत नाही आणि सापडले नाही तर कोणी सांगायचे राहिले हेही कळत नाही. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

पहिली परीक्षा : दोष नावात की वाटेत?

सर्वप्रथम एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे. संगणक नावाने सापडत नाही, की मुळातच सापडत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

त्यासाठी ज्या संगणकावर कागदपत्रे आहेत त्याच्यासमोर बसावे. तो झोपलेल्या अवस्थेत नाही ना, हे पाहावे. विजेच्या बचतीसाठी आपोआप झोपी गेलेला संगणक हे या तक्रारीचे अगदी नेहमीचे कारण आहे. त्यानंतर 'कमांड प्रॉम्प्ट' ही काळी चौकट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, सलग टाइप करावी. समोर आलेल्या माहितीत 'आयपीव्ही४ अॅड्रेस' पुढील क्रमांक टिपून घ्यावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राऊटरकडून क्रमांकच मिळालेला नाही. वायर, वाय-फाय किंवा राऊटर यांत दोष आहे आणि नावाचा प्रश्न अजून सुरूही झालेला नाही.

क्रमांक ठीक असेल तर लॅपटॉपवर यावे. फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यापुढे नावाऐवजी तोच क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहावा. फोल्डर उघडले, किंवा निदान वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारला गेला, तर वाट मोकळी आहे आणि दोष केवळ नावात आहे. मुलीचा अर्ज आता भरता येईल. दुरुस्ती रात्री सवडीने करता येते. मुदत संपत आली असताना क्रमांकाने काम भागविणे यात कमीपणा नाही.

दुसरी परीक्षा 'पिंग' या आज्ञेची. काळ्या चौकटीत 'पिंग', एक मोकळी जागा आणि संगणकाचे नाव टाइप करावे. येथे बहुतेकांची एक चूक होते. उत्तर आले नाही की नाव सापडले नाही असा निष्कर्ष ते काढतात. प्रत्यक्षात पहिली ओळ वाचायला हवी. त्या ओळीत नावापुढे चौकटी कंसात क्रमांक दिसला, तर नाव सापडले आहे. पुढे उत्तर न येण्याचे कारण फायरवॉल असू शकते, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देऊ देत नाही. असे यजमान सापडला नाही, अशा अर्थाचा संदेश आला तरच दोष नावाचा. कंसात इंग्रजी 'एफई८०' ने सुरू होणारी, विसर्गासारखी टिंबे असलेली लांबलचक मालिका दिसली तरी घाबरू नये. तो नव्या पद्धतीचा म्हणजे आयपीव्ही६ चा क्रमांक आहे आणि नाव सापडल्याचीच ती खूण आहे.

कंसातील क्रमांक मघाशी टिपलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो वेगळा पण घरातलाच असेल, तर लॅपटॉप शिळ्या माहितीवर विसंबून आहे. तो घराबाहेरचाच भलता क्रमांक असेल, तर प्रश्न घरात विचारला गेलाच नाही. बाहेरच्या कोणीतरी उत्तर दिले आहे. काही इंटरनेट सेवांमध्ये अस्तित्वात नसलेल्या नावालाही आपल्याच एखाद्या पानाचा क्रमांक देण्याची प्रथा आढळते, ती अशा वेळी उघडकीस येते.

नावाचे दोष आणि त्यांवरील उपाय

*शिळी आठवण.* एकदा मिळालेले उत्तर संगणक काही काळ लक्षात ठेवतो. दरम्यान क्रमांक बदलला तर तो जुन्या सदनिकेचेच दार ठोठावत राहतो. 'आयपीकॉन्फिग', मोकळी जागा, तिरकी रेघ आणि 'फ्लशडीएनएस' ही आज्ञा दिली की ही आठवण पुसली जाते. संगणक पुन्हा सुरू केल्यानेही हेच साधते.

*विसरलेली वही.* कोणीतरी पूर्वी होस्ट्स फाइलीत एक ओळ लिहून ठेवलेली असते आणि घरातील सर्व जण ती विसरून गेलेले असतात. विंडोजमध्ये ही फाइल 'सिस्टम३२' मधील 'ड्रायव्हर्स' या फोल्डरातील 'ईटीसी' मध्ये सापडते. हा दोष ओळखण्याची एक खूण आहे. 'एनएसलुकअप' ही आज्ञा केवळ नामफलकाला विचारते, वही उघडत नाही आणि हाकही मारत नाही. पिंग एक क्रमांक दाखवीत असेल आणि एनएसलुकअप दुसरा, तर वही किंवा शिळी आठवण यांच्याकडे संशयाने पाहावे. मात्र एनएसलुकअपला नाव सापडले नाही, एवढ्यावरून घरात ते नाव चालणार नाही असे समजू नये. हाकेवर चालणारी नावे तिला कधीच दिसत नाहीत.

*परगावचा नामफलक.* इंटरनेट जलद व्हावे म्हणून अनेकांनी संगणकात गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाऊडफ्लेअरचा १.१.१.१ हा डीएनएस क्रमांक भरून ठेवलेला असतो. गुगलची ही सेवा २००९ पासून आणि क्लाऊडफ्लेअरची २०१८ पासून उपलब्ध आहे. संकेतस्थळांसाठी त्या उत्तम आहेत. परंतु आपल्या दिवाणखान्यातील संगणकाचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. अनेक राऊटर आपण क्रमांक दिलेल्या यंत्रांची नावे स्वतःच्या फलकावर लिहून ठेवतात. तो फलक वाचायचा तर संगणकाने राऊटरलाच विचारायला हवे. म्हणून संगणकातील डीएनएस 'आपोआप' या पर्यायावर ठेवावा आणि बाहेरची सेवा हवीच असेल, तर ती राऊटरमध्ये भरावी. म्हणजे घरातील प्रश्न घरात राहतात आणि बाहेरचे बाहेर जातात. मात्र काही राऊटर बाहेरचा क्रमांकच थेट संगणकांना वाटतात, तर काही नावांचा फलक ठेवतच नाहीत. अशा ठिकाणी हाकेवरच विसंबावे लागते.

*कार्यालयाचा बोगदा.* २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि कार्यालयाचे व्हीपीएन घरोघरी आले. ते सुरू असताना लॅपटॉप बहुधा सर्व नावे कार्यालयाच्या डीएनएसला विचारतो. त्याला घरचा प्रिंटर माहीत नसतो. व्हीपीएन काही क्षण बंद करून पाहिले तर उलगडा होतो. तो सेटिंग बदलण्याचा अधिकार मात्र कार्यालयाच्या तंत्रविभागाचा. तेथे स्वतः हात घालू नये.

*एकाच नावाचे दोघे.* दोन संगणकांना एकच नाव असेल तर हाकेला दोघेही ओ देतात. विंडोज अशा वेळी नाव आधीच वापरात असल्याची तक्रार करते, तर मॅक गुपचूप स्वतःच्या नावापुढे '-२' जोडतो आणि जुने नाव टाइप करणारा वाट पाहत बसतो. नाव ठेवताना इंग्रजी अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढीच सामग्री वापरावी, १५ अक्षरांच्या आत राहावे, मोकळी जागा सोडू नये आणि नाव निव्वळ आकड्यांचे ठेवू नये.

*अपुरे नाव.* मॅक, प्रिंटर किंवा रास्पबेरी पाय यांना केवळ नावाने हाक मारून ते सापडले नाहीत, तर नावापुढे टिंब आणि 'लोकल' जोडून पाहावे. नव्या अँड्रॉइड फोनवर अशी नावे चालतात, जुन्या फोनवर ती उघडत नसत. त्यामुळे एका फोनवर सापडणारे यंत्र दुसऱ्यावर सापडले नाही, तर दोष यंत्राचा असेलच असे नाही.

वाटेतील दोष : एका घरात दोन वाडे

क्रमांकानेही संगणक सापडला नाही, तर दोन्ही यंत्रांचे क्रमांक शेजारी लिहून पाहावेत. घरगुती नेटवर्कमध्ये साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असतात. एकाचा क्रमांक १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असा निघाला, तर ती यंत्रे एका छताखाली असूनही दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत.

शहरातील सदनिकांत हे फार आढळते. फायबर जोडणीबरोबर कंपनीने बसवलेली पेटी स्वतःच राऊटर असते. तिचे वाय-फाय आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आपण बाजारातून दुसरा राऊटर आणून तिला जोडतो. हा दुसरा राऊटर आपले स्वतंत्र क्रमांक वाटू लागतो. इंटरनेट दोन्हीकडे चालते, त्यामुळे काही बिघडले आहे याची शंकाही येत नाही. परंतु एका वाड्याच्या चौकात मारलेली हाक दुसऱ्या वाड्यात ऐकू जात नाही. नेटबायॉस, एलएलएमएनआर आणि एमडीएनएस या तिन्ही हाका राऊटर ओलांडत नाहीत. गंमत अशी की, आतल्या राऊटरवरील लॅपटॉप बाहेरच्या पेटीवरील संगणकाला क्रमांकाने गाठू शकतो. उलट दिशेने मात्र क्रमांकही उपयोगी पडत नाही. 'इकडून जमते, तिकडून जमत नाही' ही तक्रार ऐकली की दोन राऊटरचा संशय धरावा.

यावरील उपाय सोपा आहे. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड' निवडावा. तो पर्याय नसेल तर त्या राऊटरची क्रमांक वाटण्याची म्हणजे डीएचसीपीची सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा क्रमांक पहिल्या पेटीशी टक्कर होणार नाही असा ठेवावा आणि मुख्य पेटीकडून येणारी वायर 'वॅन' ऐवजी 'लॅन' छिद्रात जोडावी. मग सारे घर पुन्हा एका चौकात येते.

पहिले तीन आकडे सारखे असूनही भेट होत नसेल, तर लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायवर म्हणजे 'गेस्ट नेटवर्क'वर नाही ना, हे पाहावे. त्यावरील यंत्रांनी घरातील इतर यंत्रांशी बोलू नये, हाच त्याचा हेतू असतो. काही राऊटरमध्ये 'आयसोलेशन' नावाचा पर्याय मुख्य वाय-फायवरही सुरू राहिलेला असतो.

'नेटवर्क'च्या यादीत दिसत नाही म्हणून...

फाइल एक्स्प्लोररच्या डाव्या बाजूस 'नेटवर्क' असा शब्द असतो. तेथे घरातील संगणकांची यादी दिसावी, अशी अपेक्षा असते. ही यादी आणि नावावरून क्रमांक शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नसलेला संगणकही नाव टाइप करून उघडता येऊ शकतो. म्हणून यादी रिकामी दिसली की प्रथम दोन उलट्या तिरक्या रेघा आणि नाव लिहून पाहावे.

यादी रिकामी राहण्यामागे एक इतिहास आहे. ही यादी पूर्वी 'एसएमबी १' या जुन्या पद्धतीवर अवलंबून असे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. त्याने वापरलेली फट याच एसएमबी १ मधील होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही सुविधा मुळात बसवलीच जात नाही. पाठोपाठ २०१८ मध्ये 'होमग्रुप' ही सोयही काढून टाकण्यात आली. परिणामी कालपर्यंत भरलेली यादी अनेकांना अचानक रिकामी दिसू लागली.

अशा वेळी एसएमबी १ पुन्हा सुरू करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. ज्या संगणकाला यादीत दिसायचे आहे त्यावर 'सर्व्हिसेस' उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवावी. यादी पुन्हा भरते आणि जुने दार बंदच राहते.

फायरवॉलबाबतही हेच. ती बंद करण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' मानते. पब्लिक म्हटले की संगणक हाकेला ओ देत नाही, कारण रेल्वे स्थानकावरील किंवा उपाहारगृहातील वाय-फायवर तेच शहाणपणाचे असते. नवा राऊटर आणल्यानंतर घरचे नेटवर्कही पब्लिक ठरून बसते. सेटिंगमध्ये जाऊन घरच्या नेटवर्कपुरते ते 'प्रायव्हेट' करावे आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करावे. बाहेरच्या वाय-फायवर मात्र पब्लिकच असू द्यावे. हाकेच्या पद्धतीत ओ देणारा खरा की तोतया हे तपासले जात नाही. परक्या ठिकाणी कोणीही ओ देऊन आपला पासवर्ड मिळविण्याचा प्रयत्न करू शकतो.

नाव सापडले, क्रमांकही बरोबर, तरीही प्रवेश नाही, अशीही वेळ येते. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीत, विशेषतः प्रो प्रकारात, पासवर्डाविना प्रवेश आणि स्वाक्षरी नसलेली देवघेव नाकारली जाते. जुनी साठवणपेटी त्यामुळे अचानक मौन धारण करते. येथे नावाची दुरुस्ती करीत बसणे व्यर्थ आहे. त्या पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि तिला रीतसर वापरकर्ता व पासवर्ड द्यावा. कागदपत्रांचा संगणक अजून विंडोज १० वर असेल, तर त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून

कायमचा उपाय राऊटरमध्ये आहे. कागदपत्रांचा संगणक, प्रिंटर आणि साठवणपेटी या तीन-चार यंत्रांसाठी राऊटरच्या डीएचसीपी विभागात क्रमांक राखून ठेवावा. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डावर मॅक पत्ता नावाची कायमची ओळख असते. तिच्याशी क्रमांक जोडला की राऊटर त्या यंत्राला नेहमी तोच क्रमांक देतो. आजचे फोन मात्र खासगीपणासाठी ही ओळख बदलून सांगतात, त्यामुळे फोनसाठी क्रमांक राखायचा तर घरच्या वाय-फायपुरता तो पर्याय बंद करावा लागतो.

क्रमांक स्थिर झाला की होस्ट्स फाइलीत एक ओळ लिहिणे सुरक्षित ठरते, कारण वही खोटी ठरण्याची भीती उरत नाही. ज्यांचा राऊटर घरातील नावांना आडनाव जोडू देतो, त्यांनी 'लोकल' हे आडनाव निवडू नये, ते एमडीएनएसचे आहे. घरगुती वापरासाठी 'होम.आर्पा' हे आडनाव २०१८ मध्ये राखून ठेवण्यात आले आणि खासगी नेटवर्कसाठी 'इंटर्नल' हे २०२४ मध्ये.

अडचण आली तर या क्रमाने

१. ज्या संगणकाकडे जायचे आहे तो जागा आहे का, ते पाहा.
२. त्याचा क्रमांक टिपा. १६९.२५४ असेल तर राऊटर व जोडणी तपासा.
३. लॅपटॉपचा क्रमांक टिपा. पहिले तीन आकडे जुळत नसतील तर दोन राऊटर किंवा गेस्ट वाय-फाय शोधा.
४. क्रमांकाने फोल्डर उघडा. उघडले तर तातडीचे काम आधी उरका.
५. नावाने पिंग करा आणि कंसातील क्रमांक वाचा.
६. क्रमांक चुकीचा असेल तर आठवण पुसा, होस्ट्स फाइल पाहा, डीएनएस सेटिंग आणि व्हीपीएन तपासा.
७. नाव मुळीच सापडत नसेल तर त्याचे स्पेलिंग, 'लोकल' हे आडनाव, दुहेरी नाव आणि प्रायव्हेट नेटवर्क हे पर्याय पाहा.
८. एका वेळी एकच बदल करा, तो कागदावर लिहा आणि उपयोग झाला नाही तर मागे घ्या.

यातील शेवटची सूचना सर्वांत कमी पाळली जाते. घाबरलेल्या माणसाने तासाभरात केलेले दहा बदल नंतर कोणालाच आठवत नाहीत आणि मूळ बिघाड त्यांच्याखाली गाडला जातो. ज्या संगणकावर घरातील छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे आहेत, त्याचे नाव व राखून ठेवलेला क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती राऊटरच्या पाठीवर चिकटवून ठेवावी. पुढच्या रविवारी मुदत संपत आली असताना तेवढी चिठ्ठी पुरेशी ठरेल.